देव्हाऱ्यातली दुसरी चावी

शिरवळ,
८ फेब्रुवारी १९९९

मिलिंदा, जयभीम.

अमेरिकेचं यंत्र आलं. लालासाहेबांनी काल स्वतः माझ्यासमोर खोकं फोडलं, म्हणून खात्रीनं लिहितो. दिवाळीत तुला बोललो होतो ना, लांबून बटण दाबून गाडी चालू करायचं, तेच. त्यांच्या मेव्हण्यानं पाठवलंय. तिकडं बर्फ पडतो म्हणून लोक घरातून बटण दाबतात आणि कोट घालून बाहेर येईपर्यंत गाडी गरम होते. आमच्या लालासाहेबांना ती गार करायची आहे. ते ओसरीवरून बटण दाबणार, एसी सुरू होणार, आणि पाहुणे बघत राहणार.

अडचण मी चालवतो त्या नव्या गाडीची आहे. हिच्या चावीच्या डोक्यात काहीतरी बसवलेलं आहे. साताऱ्यात एक डुप्लिकेट कापून घेतली होती. ती दाराला चालते, स्टेअरिंग सोडवते, स्टार्टरही फिरवते. इंजिन एक क्षण धरतं आणि मरतं. पुण्यात दोन दुकानांत यंत्र दाखवलं. दोघांनी चावी बघितली आणि खोकं परत दिलं.

मी म्हणालो, "साहेब, आमचा दोस्त हाय सांगलीला. आयटीआयला माझ्या शेजारी बसायचा. वायरी त्याला लय कळत्यात."

"मग बोलव की," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर तू हायेसच शिव्या खायाला."

सोबत आलेला कागद पाठवतो. इंग्रजी आहे. माया वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अर्जुना

•

सांगली,
१४ फेब्रुवारी १९९९

अर्जुना गड्या, रामराम.

कागद वाचला. मायानंही वाचला, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. काम होईल.

पुण्याचे लोक का घाबरले ते सांगतो. तुझ्या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात काचेची बारीक नळी आहे, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. चावी जिथं खुपसतोस तिथं भोवती तारेचं वेटोळं आहे. वेटोळं नळीला विचारतं, तू आपली का? नळी हो म्हणाली तर इंजिन चालू राहतं. नाहीतर बंद. चोरानं वायरी जोडून गाडी पळवू नये म्हणून ही सोय.

आता रिमोटनं गाडी चालू करायची तर चावी जागेवर नसणार. मग हो म्हणणार कोण? म्हणून दुसऱ्या चावीतली नळी गाडीतच स्टेअरिंगखाली लपवायची. आपलं एक वेटोळं तिच्याभोवती गुंडाळायचं आणि मध्ये रिले टाकायचा. रिमोट दाबला तरच ते जोडलं जाईल, एरवी नाही.

म्हणजे मला गाडीची दुसरी चावी लागेल, आणि ती परत मिळणार नाही. कंपनीकडून तिसरी मागवता येते, पण नंबर पाठवून दोन-तीन महिने थांबावं लागतं. लालासाहेब थांबतील का विचार.

तुझा,
मिलिंद

•

शिरवळ,
२२ फेब्रुवारी १९९९

मिलिंदा, जयभीम.

लालासाहेब थांबायला तयार नाहीत. त्यांना मार्चमध्ये मुंबईच्या पाहुण्यांपुढं बटण दाबायचंय. "दुसरी चावी आईकडं हाय, मागून घे," एवढं बोलून ते कारखान्यात गेले. तिढा तिथंच आहे.

या घरात गाडी आली की एक चावी माणसाची आणि एक देवीची. दुसरी चावी औंधला नेतात, यमाईच्या पायावर ठेवतात आणि घरी आणून देव्हाऱ्यात देवीच्या टाकापाशी ठेवतात. पहिल्या ट्रॅक्टरपासून चालत आलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी आई प्रत्येक चावीला हळदकुंकू लावतात. लालासाहेबांच्या आई राहीबाई, सगळे त्यांना आईच म्हणतात, मीही. ती चावी वापरायची नसते, पण अगदी अडलंच तर आई काढून देतात. मागं जीपची चावी विहिरीत पडली तेव्हा देवीच्या चावीनं काम भागलं. "यमाईची चावी कवा फसवत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मी मागितली तर म्हणाल्या, "कशाला रं?"

"मापाला, आई. दोस्त यील तवा, अर्ध्या दिवसापुरती."

"दिवा लागायच्या आत जाग्यावर पायजे. आन् खिशात कोंबू नको, रुमालात बांधून न्हे."

आता तूच सांग, चावी परत मिळणार नाही हे त्यांना कसं सांगू? माझ्या डोक्यात एक आलंय. नळी काढून घे आणि चावी पुन्हा होती तशी चिकटवून दे. ती देव्हाऱ्यात जाऊन बसेल. तिला कोण हात लावतंय? माझी चावी तर कायम माझ्या करदोड्याला बांधलेली असते, माहीत आहे ना तुला. मेंढरांमागं असताना आजा चाकू तिथंच बांधायचा, तीच सवय मला लागली.

सात मार्चला रविवार आहे. ये. मटण करायला सांगतो.

अर्जुना

•

सांगली,
१२ मार्च १९९९

अर्जुना, रामराम.

सुखरूप पोचलो. मटण अजून जिभेवर आहे. राहीबाईंनी स्वतः वाढलं आणि समोर बसून "आणि एक भाकरी घे, वायरी वडून वडून वाळलायस" म्हणाल्या, ते मायाला तीनदा सांगून झालं. आडनाव विचारल्यावर क्षणभर थांबल्या होत्या. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं, रस्सा घे." मला तेवढंच पुरलं.

आता कामाचं. पुन्हा लिहितो, कारण तू तेव्हा मान हलवत होतास आणि तुझं लक्ष लालासाहेबांच्या तोंडाकडं होतं.

गाडी लावताना न्यूट्रलला, हातब्रेक ओढून. तू घाटातला ड्रायव्हर, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायची सवय आहे. ती सोड. गिअरमध्ये असताना कोणी रिमोट दाबला तर गाडी ओसरीवर चढेल.

दुसरं, देव्हाऱ्यातली चावी आता नुसता सांगाडा आहे. जोड मी असा बसवला आहे की मलाही शोधावा लागेल. पण तिच्यानं गाडी चालू व्हायची नाही. चालू करायचीच असेल तर आधी रिमोट दाबायचा, इंजिन लागू द्यायचं, मग ती चावी घालून फिरवायची. मग गाडी हवी तितकी चालेल. हे घरात एका तरी माणसाला माहीत पाहिजे. लालासाहेबांच्या हेमा वहिनी गाडी चालवायला शिकतायत ना? त्यांना सांग. आईंना सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण वहिनींना सांग.

मला एक गोष्ट डाचते आहे. चावी परत देताना डिंक वाळवायला मी तिला सोल्डरिंगची गरमी दिली होती. आईंनी ती तळहातावर घेतली आणि विचारलं, "गरम का लागतीया रं?" तू म्हणालास, "उन्हात व्हती." त्यांनी ती पदरानं पुसली आणि डोक्याला लावून आत नेली. तेव्हा मी टूलबॉक्स आवरत होतो. वर बघवलं नाही.

मिलिंद

•

शिरवळ,
२ एप्रिल १९९९

मिलिंदा, जयभीम.

रिमोटनं घर वेडं झालंय. मुंबईचे पाहुणे आले तेव्हा लालासाहेबांनी बोलता बोलता बटण दाबलं. एक बाई "अगं बाई, भूत!" म्हणून ओरडली आणि आईंना इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं. आता रिमोट फ्रिजवर असतो. आईंना कोणी भेटायला आलं की त्या सुनेला हाक मारतात, "हेमा, ते भूत दाव गं जरा."

हेमा वहिनी चांगली गाडी चालवतात. क्लच हळू सोडतात, आरसे बघतात. परवा त्यांच्या माहेरी फलटणला जाऊन आलो. मी शेजारी नुसता बसलो होतो. परत येताना म्हणाल्या, "अर्जुनदादा, तुम्ही झोपा आता निवांत." सासूसुनेचं भांडण म्हणजे चहात साखर किती, एवढंच. घर म्हणावं तर असं.

चावीचं वहिनींना सांगतो. घाई कसली. माझी चावी कमरेलाच आहे आणि मी कुठं जातोय?

तुझ्या नव्या दुकानाचं कळलं. बुद्धपौर्णिमेला येतो म्हणजे येतोच. लालासाहेब तेव्हा कारखान्याच्या जीपनं मुंबईला असतील, मला दोन दिवस सुट्टी दिली आहे.

अर्जुना

•

सांगली,
३ मे १९९९

अर्जुना, रामराम.

तू आलास, दुकानाला शोभा आली. वंदना चालू असताना सर्वांत मागं हात जोडून उभा होतास, माझ्या वडिलांनी, आण्णांनी बघितलं. "तुझा दोस्त चांगल्या घरचा हाय," म्हणाले. मी म्हटलं, घर कसलं, मेंढरांचा कळप होता. खूप हसले.

आणि तुझी ती चावी! अंघोळीला बसलास आणि कमरेला लालासाहेबांची मोटार! माया अजून हसते आहे. पण तेव्हा तुझा चेहरा उतरला होता खरा. फोन करून बरं केलंस. तू बूथमधून बाहेर येऊन "सांगितलं" म्हणालास तेव्हा माझ्याही जिवाला बरं वाटलं. नाहीतर दुपारच्या गाडीनं परत पळाला असतास आणि जेवण तसंच राहिलं असतं. वहिनींना नीट कळलं ना? आधी रिमोट, मग चावी?

दुकानात पहिल्याच दिवशी दोन ट्रक आले. एकाचा हॉर्न, एकाचा डायनामो. शकुन चांगला म्हणायचा.

पोचल्याचं कळव.

मिलिंद

•

शिरवळ,
६ मे १९९९

मिलिंदा,

आई गेल्या. शुक्रवारीच, मी तुझ्याकडं जेवत होतो तेव्हा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की इथं आणण्याच्या आधी अर्धा तास प्राण गेला होता. अर्धा तास म्हणजे खंबाटकी घाट उतरून झाल्यावर कुठंतरी.

शनिवारी संध्याकाळी मी एसटीतून उतरलो तर फाट्यावर कारखान्याचा कोंडीबा उभा होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. तेव्हाच कळलं की काहीतरी आहे.

दुपारी आईंच्या छातीत कळ आली. घरात वहिनी आणि स्वयंपाकाची बाई. इथला डॉक्टर घरी येऊन गेला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला हलवा. वहिनींनी आईंना गाडीत मागं झोपवलं. मग माझी चावी खुंटीवर शोधली. नव्हती. मग देव्हाऱ्यातली आणली.

पुढचं तुला माहीत आहे. बाई सांगते, गाडी घुर्र करायची आणि गप व्हायची. घुर्र करायची आणि गप व्हायची. आई मागून म्हणत होत्या, "हेमा, देवीचं नाव घे, लागंल." बॅटरी उतरेपर्यंत वहिनी चावी फिरवत होत्या. मग रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवली. त्यात किती वेळ गेला ते कोणी धड सांगत नाही.

रिमोट फ्रिजवर होता.

आता घरात काय चाललंय ते ऐक. वहिनींना त्या दिवशी अडचण होती, तिसरा दिवस. देव्हाऱ्याच्या खोलीत जायचं नव्हतं. त्या गेल्या आणि चावी उचलली. लालासाहेबांची थोरली बहीण वाईहून आली आहे. तिनं हे बाईकडून काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "देवीनं चावी चालू दिली न्हाई. विटाळाच्या हातानं उचलल्याव कशी चालंल?" लालासाहेब खाली बघत होते. त्यांनी तेव्हा एक शब्द तरी बोलायला पाहिजे होता.

वहिनी स्वतःच म्हणतात, माझंच चुकलं.

तू इथं काही लिहू नकोस, येऊही नकोस. ती चावी तू उघडली होतीस हे बाहेर आलं तर गोष्ट वहिनींच्या हातावरून तुझ्या हातावर येईल. तुला कळतंय मी काय म्हणतो ते. हे लोक वाईट नाहीत, पण आता शुद्धीवर नाहीत. तुझं नाव मी येऊ देणार नाही.

अर्जुना

•

सांगली,
११ मे १९९९

अर्जुना,

पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. शटर ओढून घेतलं आणि आत बसलो. मला रस्सा वाढणारी ती बाई गाडीत मागं पडून देवीचं नाव घ्यायला सांगते आहे, आणि पुढं मी चिकटवलेली चावी. माझ्या हाताला ते काम इतकं चांगलं का जमलं असं वाटतं. जोड जरा ओबडधोबड झाला असता तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आता मी विचारतो त्याचं उत्तर दे. तू फोन केला होतास. मी बूथच्या बाहेर उभा होतो, काचेतून तुझी पाठ दिसत होती. तू बोलत होतास. बाहेर येऊन "सांगितलं" म्हणालास. मग वहिनींना माहीत कसं नव्हतं?

आणि माझ्या नावाचं. माझ्या जातीच्या मागं लपू नकोस. माझ्या हातावर काय येतं ते मी लहानपणापासून बघत आलोय, त्यासाठी मला तुझी राखण नको. लालासाहेब मला काय म्हणायचं ते म्हणतील. मी ऐकून घेईन आणि परत येऊन दुकान उघडीन. त्या सुनेला कुठं परत येता येईल? तिनं काय केलं? सासू मरायला लागली म्हणून चावी उचलली. पाळी बघून बसली असती तर तू तिला काय म्हणाला असतास?

लालासाहेबांना सांग. आजच. तुला जमत नसेल तर तसं लिही.

मिलिंद

•

शिरवळ,
१९ मे १९९९

मिलिंदा,

विचारलंस म्हणून लिहितो.

फोन आईंनी उचलला. मला वाटलं होतं वहिनी उचलतील. आई म्हणाल्या, "कोण, अर्जुना? पोचलास व्हय? जेवलास का रं?" मी म्हणालो, जेवलो. खरं तर अंघोळसुद्धा धड झाली नव्हती. म्हणाल्या, "कशापायी फोन केलास?" माझ्या तोंडातून निघालं, "आई, गाडी धुवायची ऱ्हायली. कोंडीबाला सांगा." त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी पैसं घालवलंस! तुझ्या दोस्ताला आशीर्वाद सांग दुकानाला." आणि ठेवला.

तो आशीर्वादही मी तुला सांगितला नव्हता. आता सांगतो.

वहिनींना बोलव म्हणायचं होतं. आईंनी विचारलं असतं, कशाला? मग त्यांच्यासमोर वहिनींनी "म्हणजे देवीची चावी चालत नाही?" असं विचारलं असतं. मला ते ऐकवलं नसतं. एका दिवसाचा प्रश्न आहे म्हटलं.

दहाव्याला अस्थी माहुलीच्या संगमावर नेल्या. थोरल्या बहिणीनं ती चावीही लाल कापडात बांधून दिली, बाटलेली वस्तू घरात नको म्हणून. लालासाहेबांनी अस्थींबरोबर ती पाण्यात सोडली. मी काठावर चपला सांभाळत उभा होतो.

परवा वहिनींना फलटणला सोडून आलो. त्यांचे भाऊ आप्पासो घ्यायला आले होते, ते माझ्या शेजारी बसले. वहिनी मागं, आई जिथं झोपल्या होत्या तिथं. लोणंद मागं पडलं. मग वहिनी म्हणाल्या, "अर्जुनदादा, तुमच्या हातात ही एकदाही बंद पडली नाही. फलटणला मीच आणली होती की, तेव्हाही नाही. त्याच दिवशी का?"

आप्पासो म्हणाले, "आता ते उगाळू नगं ताई."

मी आरशात बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मला बोलायचं होतं मिलिंदा, शपथेवर सांगतो. पुढं उसाची ट्रॉली आली, हॉर्न दिला, बाजू काढली. मग गाव आलं.

उतरल्यावर त्यांनी गाडीला हात जोडले. बॉनेटला हात लावून कपाळाला लावला, जसा देवळात पायरीला लावतात तसा. मग आत गेल्या, मागं न बघता.

आता दोन्हीकडची माणसं तीस तारखेला, रविवारी, फलटणला बसणार आहेत. थोरल्या बहिणीचं म्हणणं सोडचिठ्ठी. लालासाहेब विरोधात काही बोलतील असं दिसत नाही. गाडीही विकायची आहे, पुण्याचा माणूस एकोणतीसला, शनिवारी, येऊन नेणार. तोवर मी ती रोज पुसतो.

अर्जुना

•

सांगली,
२२ मे १९९९

अर्जुना,

मी शुक्रवारी, अठ्ठावीसला येतोय. सकाळची पहिली एसटी, शिरवळला दुपारपर्यंत.

संगमावर चावी गेली तरी फरक पडत नाही. नळी अजून स्टेअरिंगखाली आहे, मी ठेवली तिथंच. लालासाहेबांना गाडीपाशी बोलवीन. तू साताऱ्याहून कापून आणलेली ती डुप्लिकेट आहे ना अजून? ती त्यांच्याच हातात देऊन फिरवायला सांगीन. एक क्षण धरेल आणि मरेल, त्या दिवशी मेली तशी. मग रिमोट दाबू दे. लागेल. मग गाडी बंद करून रिमोटशिवाय पुन्हा तीच चावी, पुरुषाच्या हातात, अंघोळ केलेल्या; तरी मरेल. पत्रा उघडून नळी दाखवीन. शाळेतल्या पोरालाही कळेल.

नंतर ते मला जे बोलायचं ते बोलतील. मायाला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "एकटे जाऊ नका." मी म्हटलं, तिथं अर्जुना आहे. ती उठून आत गेली.

तिथून मी फलटणला जाणार. रविवारच्या आधी वहिनींना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. बाकी लोकांनी काय ठरवायचं ते ठरवू दे, पण त्या बाईनं स्वतःला खुनी समजून जगू नये.

तू बरोबर उभा राहशील की नाही, ते मी धरून चाललेलो नाही. गाडीला मात्र कोणाला हात लावू देऊ नकोस.

मिलिंद

•

शिरवळ,
२६ मे १९९९

मिलिंदा,

हे कार्ड तू निघण्याआधी मिळेल की नाही माहीत नाही.

गाडी गेली. पुण्याचा माणूस आजच आला, त्याच्याकडं शनिवारी लग्न आहे म्हणे. तुझं पत्र मला काल मिळालं होतं. रात्रभर ठरवून ठेवलं होतं की सकाळी लालासाहेबांना थांबवायचं, म्हणायचं, साहेब, दोन दिवस राहू द्या. माणूस नऊलाच दारात. मी करदोड्याची चावी सोडून दिली. फ्रिजवरचा रिमोट लालासाहेबांनी आणून दिला. माणसानं विचारलं, "दुसरी चावी?"

लालासाहेब म्हणाले, "दुसरी देवीची व्हती. देवीनं माघारी न्हेली."

तेव्हाच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाण्याची बाटली ठिऊ का गाडीत?" तो ठेव म्हणाला. ठेवली. हायवेला लागेपर्यंत बघत उभा राहिलो. तुझी नळी तिच्यात आहे, कुणाला माहीतही नाही.

आता दाखवायला काही उरलं नाही. चावी पाण्यात, गाडी पुण्याला. नुसतं सांगायचं राहिलं. नुसतं सांगितलेलं ते मानतील असं मला वाटत नाही. बहीण म्हणेल, सुनेनं शिकवून पाठवलंय. फलटणचे लोक म्हणतील, इतके दिवस कुठं होतात. ते बरोबरच आहे.

तरी ये. तू पुढं हो, मी मागं उभा राहतो असं लिहिणार होतो. नाही लिहीत. सुरुवात मी करीन, फोनपासून. लालासाहेब शुक्रवारी घरी आहेत. माझी कमर आज मोकळी आहे, सारखा हात तिथं जातो.

दुपारच्या एसटीला फाट्यावर उभा असेन. मी दिसलो नाही तर माझी वाट बघू नकोस, सरळ घरी जा. पांढरा बंगला, तुला माहीत आहे.

अर्जुना